‘निषेध नोंदवतो’ म्हणणाऱ्याची बाजू

‘निषेध’ हा शब्द आपण चुकीचा वापरतो, असे सांगणारे अलीकडे वाढले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, निषेध म्हणजे मनाई. विधी आणि निषेध ही शास्त्रातली जोडी. अमुक करावे हा विधी, तमुक करू नये हा निषेध. मनाई करायची तर अंगी अधिकार हवा. कोल्हापूरच्या बिंदू चौकात उभे राहून सरकारी निर्णयाविरुद्ध घोषणा देणाऱ्याला तो निर्णय थांबवता येत नाही, म्हणून तो विरोध करतो, नापसंती दाखवतो. निषेध करत नाही. दुसरा आक्षेप ‘नोंदवणे’ या क्रियापदावर आहे. मराठी माणूस निषेध करतो. ‘नोंदवतो’ ही इंग्रजीची उसनवारी आहे, आणि त्या उसनवारीने निषेधाची धारही जाते, असे म्हटले जाते. पहिला आक्षेप भाषा शिकवणारे घेतात, दुसरा बहुधा चळवळीतली माणसे. कोल्हापुरात दोन्ही ऐकायला मिळतात, कारण भाषेचा आग्रह आणि आंदोलन या दोन्ही गोष्टी या गावाला सारख्याच जवळच्या आहेत.

मला दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. पहिला शास्त्राच्या नावाने घेतला जातो, पण शास्त्रच त्याला आधार देत नाही. दुसरा व्यवहाराच्या नावाने घेतला जातो, आणि व्यवहार त्याच्या नेमका उलटा आहे.

शास्त्रापासून सुरुवात करू. पूर्वमीमांसेने वेदवाक्यांचे पाच प्रकार मानले: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. लौगाक्षी भास्कराच्या ‘अर्थसंग्रह’ या छोट्या ग्रंथात ही मांडणी सुटसुटीत मिळते. तिथे निषेधाची ओळख करून दिली आहे ती त्याच्या कामावरून: माणसाला एखाद्या क्रियेपासून मागे वळवणारे वाक्य म्हणजे निषेध. विधी प्रवृत्त करतो, निषेध निवृत्त करतो. या व्याख्येत बोलणाऱ्याच्या पदाचा, सत्तेचा, अधिकाराचा उल्लेख नाही. तो असूही शकत नव्हता. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे, म्हणजे त्याला कर्ताच नाही. मग ‘करू नये’ हे कोण सांगते? कोणी नाही, सांगण्याचे बळ शब्दातच आहे, असे त्यांचे उत्तर. लौकिक आज्ञेत हे बळ बोलणाऱ्या माणसाच्या ठायी असते, वेदवाक्यात ते शब्दाच्या ठायी असते, हा भेद त्यांनी बारकाईने केला आहे. म्हणजे ज्या शास्त्राचा हवाला देऊन ‘अधिकाऱ्यावाचून निषेध नाही’ असे सांगितले जाते, त्या शास्त्रातल्या निषेधामागे एकही अधिकारी उभा नाही.

धातूही हेच सांगतो. नि-पूर्वक ‘सिध्’ म्हणजे हाकलणे, दूर सारणे, आवरणे. मनाई हा त्याचा एक अर्थ आहे; अडवणे, नाकारणे, हरकत घेणे हेही त्याचेच अर्थ आहेत. संस्कृत कोशात ते शेजारी शेजारी बसलेले आहेत, त्यांतला एकच खरा आणि बाकीचे भ्रष्ट असे ठरवण्याचे कारण नाही.

मराठीने या अर्थांतून निवड केली, आणि ती विचारपूर्वक केल्यासारखी नीट आहे. मनाईसाठी मराठीत मनाई, बंदी, मज्जाव हे शब्द आहेत. हिंदीत मद्यनिषेध, मराठीत दारूबंदी. हिंदीत ‘धूम्रपान निषेध’ अशी पाटी असते, मराठी पाटी म्हणते ‘धूम्रपान करू नये’. पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली जिल्हाधिकारी जो आदेश काढतात त्याला कोल्हापूरचे प्रत्येक वर्तमानपत्र ‘मनाई आदेश’ किंवा ‘जमावबंदी’ म्हणते. त्याला ‘निषेध आदेश’ म्हटलेले कोणी वाचले नसेल. मनाईचे काम दुसऱ्या शब्दांनी उचलल्यावर निषेध मोकळा झाला आणि सार्वजनिक मराठीत त्याला नेमके काम मिळाले. ‘जिल्ह्यात मनाई आदेश’ आणि ‘मनाई आदेशाचा निषेध’ या दोन ओळी एकाच पानावर छापता येतात आणि वाचणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही. ज्या भाषेत इतका स्वच्छ भेद रूढ झाला आहे, तिथे जुन्या अर्थाचा आग्रह धरणे म्हणजे असलेला भेद पुसून टाकणे.

कोल्हापूरकराला ही गोष्ट पुस्तकाबाहेरही सापडेल. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, हे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले, आणि वेदोक्त प्रकरण सुरू झाले. महाराजांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुढे केलेला निषेध जुन्या अर्थाचा होता: शास्त्राची मनाई. महाराजांनी तो मानला नाही. राजपुरोहित असलेल्या राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले तेव्हा १९०२ मध्ये त्यांचे वतन काढून घेण्यात आले. त्यानंतर राजोपाध्यांनी काय केले? वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यांपासून मुंबई सरकारपर्यंत आणि पुढे व्हाइसरॉयपर्यंत अर्ज केले. ते फेटाळले गेले, आणि ते फेटाळले गेले याचे मला वाईट वाटत नाही. पण भाषेच्या दृष्टीने हा क्रम पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या हाती शास्त्राची मनाई होती त्यांनाच काही वर्षांत सत्तेपुढे लेखी म्हणणे मांडावे लागले. त्या मनाईचे बळ तिच्यामागे कोणी माणसे उभी आहेत तोवरच होते. महाराजांनी मात्र निषेध केला नाही, त्यांनी हुकूम काढला. त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूमही निघाला. ज्याच्या हाती सत्ता आहे तो हुकूम देतो. निषेध हा सत्ता हाती नसलेल्याचा शब्द आहे, आणि तो तसाच असायला हवा.

इथे कोणी म्हणेल, सत्ता नसलेल्याच्या शब्दाने कोण मागे वळते? आपला समाज याचे उत्तर कायद्याच्याही आधीपासून जाणतो. धरणे धरणे हा मुळात सावकाराच्या किंवा हक्कदाराच्या हातातला उपाय होता: देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसायचे. त्याची नैतिक दहशत इतकी होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेला ५०८व्या कलमात दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण देताना दारी धरणे धरून बसलेला माणूसच घ्यावा लागला. त्रागा हाही एके काळी असाच उपाय होता. स्वतःला इजा करून समोरच्याच्या माथी पाप मारायचे. आज आपण चिडक्या माणसाच्या आदळआपटीला त्रागा म्हणतो, इतका तो शब्द खाली आला. धरणे मात्र टिकले, कारण त्याने आपला पत्ता बदलला. ते देणेकऱ्याच्या दारातून जिल्हाधिकारी कचेरीच्या दारात आले.

आता ‘नोंदवणे’. मोर्चातली घोषणा असते ‘निषेध असो’. या वाक्याचे व्याकरण पाहा. ‘असो’ हे तृतीयपुरुषी आज्ञार्थी रूप. निषेध कोण करतो आहे हे वाक्यात कुठेच नाही. घोषणेला तसेच हवे असते. हजार गळ्यांतून निघणाऱ्या वाक्याला एक कर्ता देता येत नाही. पण मोर्चा कचेरीपाशी पोचतो आणि शिष्टमंडळ आत जाते तेव्हा जो कागद दिला जातो तो ‘आम्ही खाली सह्या करणारे’ अशा शब्दांनी सुरू होतो. इथे कर्ता आला. त्याचे गाव आले, तारीख आली, नेमकी कोणती गोष्ट मान्य नाही ते आले. ‘निषेध असो’ आणि ‘निषेध नोंदवतो’ यांत धारदार आणि बोथट असा फरक नाही. पहिल्या वाक्याची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही, दुसऱ्याची टाकता येते. म्हणून दुसरे वाक्य उच्चारायला पहिल्यापेक्षा कमी नव्हे, जास्त धैर्य लागते. गर्दीत ओरडलेल्या माणसाला शोधावे लागते. सही केलेला माणूस सापडलेलाच असतो.

हे क्रियापद इंग्रजीवरून आले असे म्हणणाऱ्यांनी एकदा महसूल कचेरीत जावे. तिथे बारनिशीच्या टेबलावर अर्ज देतात, आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो, दुसऱ्या प्रतीवर पोच मिळते. गावाकडचा माणूस काम करून परतलेल्याला पहिला प्रश्न विचारतो तो ‘पोच घेतलीस का?’ नोंद, पोच, दप्तर हे शब्द कोणा उपसंपादकाने भाषांतर करताना बनवलेले नाहीत.

याहून मोठा पुरावा कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे १५०वे कलम फेरफारासंबंधी आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो, ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवतो. या नोंदीला कोणी हरकत घेतली तर? कलम म्हणते की हरकत तोंडी असो वा लेखी, तिचा तपशील विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेणे हे तलाठ्याचे कर्तव्य आहे, आणि हरकत घेणाऱ्याला त्याने तत्काळ लेखी पोच द्यायची आहे. ही नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा-अ. ‘तोंडी’ या शब्दापाशी थांबावे असे मला वाटते. ज्या विधवेला लिहिता येत नाही, जिच्या दिरांनी परस्पर वाटणी करून घेतली आहे, तिने चावडीत येऊन ‘मला हे कबूल नाही’ एवढे म्हटले तरी पुरे. पण ते नुसते हवेत राहिले तर तिच्या हाती काही उरत नाही. तिच्या वाक्याला हक्काचे रूप येते ते नमुना सहा-अ मध्ये उतरल्यावर. मग प्रकरणाची सुनावणी घ्यावीच लागते, निकाल द्यावाच लागतो, त्या निकालावर अपील करता येते. नोंदवण्याने धार जाते असे म्हणणाऱ्याने तिच्याकडे पाहून ते म्हणावे.

दुसरे उदाहरण भूसंपादनाचे आहे, आणि धरणांच्या, कालव्यांच्या, रस्त्यांच्या या जिल्ह्यात ते पिढ्यांना माहीत आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा जमीन घेण्यालाच हरकत घेण्याची सोय त्यात नव्हती. ५-अ हे कलम १९२३ मध्ये घातले गेले आणि ३० दिवसांत हरकत घेण्याचा आणि म्हणणे ऐकवण्याचा हक्क मिळाला. म्हणजे ‘हरकत घेणे’ या साध्या दिसणाऱ्या क्रियापदासाठी तीन दशके जावी लागली. त्याहून बोलके ३१वे कलम आहे. सरकारने देऊ केलेला मोबदला कमी वाटला तरी शेतकरी तो घेऊ शकतो, फक्त घेताना आपला निषेध नोंदवून घ्यायचा. वकिलांच्या बोलण्यात हे ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणून येते. मराठीत ‘निषेध नोंदवून’ किंवा ‘हक्क राखून’ असे लिहितात. हे शब्द लिहिले नसतील तर १८व्या कलमाखाली वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी त्याला करता येत नसे. २०१३ च्या नव्या कायद्यातही ७७व्या कलमात ही तरतूद कायम राहिली. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, शेजारी शेजारी बांध असलेल्या दोन शेतकऱ्यांनी सारख्याच दराने पैसे घेतले. एकाने पावतीवर हे दोन शब्द लिहिले, दुसऱ्याने नाही. दुसरा मनातून तितकाच संतापलेला होता, कदाचित जास्तच. पण कायद्याच्या लेखी एकाचा निषेध झाला आणि दुसऱ्याची संमती झाली. ‘निषेध करणे’ पुरेसे असते तर या दोघांत फरक पडायला नको होता.

आता इंग्रजीचा मुद्दा आलाच आहे तर त्या शब्दाकडेही पाहू. ‘प्रोटेस्ट’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ जाहीर साक्ष देणे असा आहे. १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायर इथल्या राजसभेत काही राजपुत्रांनी आणि नगरांनी बहुमताच्या ठरावाविरुद्ध आपले म्हणणे रीतसर लेखी मांडले, आणि त्यावरून पुढे प्रोटेस्टंट हे नाव पडले. एका पंथाला नाव मिळाले ते आरोळीवरून नाही, दस्तऐवजावरून. आपल्याकडच्या १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमातही हुंडी नाकारली गेली की नोटरीने आधी तिची नोंद करायची आणि मग ‘प्रोटेस्ट’ म्हणजे तसा दाखला द्यायचा, अशी दोन लागोपाठची कलमे आहेत, ९९ आणि १००. म्हणून ‘नोंदवणे’ हे इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे याचे कारण उसनवारी नव्हे. जिथे जिथे दुबळ्याला प्रबळापुढे आपले म्हणणे टिकवायचे असते तिथे तिथे ते लिहून ठेवावे लागते.

शुद्धतेच्या आग्रहाने आणखी एक नुकसान होते. निषेध, हरकत, तक्रार, आक्षेप यांच्यातले बारीक भेद झाकले जातात. यांतले फारसी-अरबी शब्द काढून त्यांच्या जागी एकच संस्कृत शब्द बसवला की काम झाले, असे वाटते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवलेले माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे समर्थक झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला नितांत आदर आहे, पण या शब्दांच्या बाबतीत त्यांचा कोश मला त्यांच्या चळवळीपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. हरकत म्हणजे अरबीत हालचाल. गाण्यात तो अर्थ आजही जिवंत आहे, अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात गायकाने घेतलेली हरकत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कचेरीत तोच शब्द अडथळा झाला. तक्रार मूळचा ‘पुन्हा पुन्हा करणे’. तिथून वाद, तिथून गाऱ्हाणे.

या शब्दांची विभक्ती पाहिली की त्यांची कामे वेगळी दिसतात. निषेध कशाचा तरी असतो, हरकत कशाला तरी असते, आक्षेप कशावर तरी असतो, तक्रार कोणाविरुद्ध तरी असते. निषेध घडलेल्या किंवा घडणाऱ्या कृतीचा. हरकत पुढे होऊ घातलेल्या गोष्टीला, ती अजून थांबवता येईल अशा वेळी, थांबवू शकणाऱ्याकडे. म्हणून शहराच्या विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवतात, ‘निषेध व सूचना’ नव्हे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा ८०२ किलोमीटरचा आराखडा पुढे आला तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, रस्ते अडवले, आणि त्याचबरोबर भूसंपादनाच्या अधिसूचनेला हरकतीही दाखल केल्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती ती अधिसूचना रद्द झाली. पुढे प्रकल्प पुन्हा उचलला गेला. मोर्चाने राजकारण हलले हे खरे. पण पुन्हा अधिसूचना निघेल तेव्हा पुन्हा हरकती द्याव्या लागतील, गट नंबर घालून, एकेकाने.

चळवळीतल्या मित्रांशी माझा खरा वाद इथे आहे. ते टोल आंदोलनाचा दाखला देतात. कोल्हापूरचा टोल कागदावरच्या हरकतींनी गेला नाही, रस्त्यावर गेला, असे ते म्हणतात. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे ज्या लढ्यात उतरली, जो वर्षानुवर्षे चालला आणि ज्याच्या शेवटी सरकारला शहरातला टोल रद्द करावा लागला, तो लढा मीही अभिमानाने सांगतो. पण त्या लढ्याचे क्रियापद कोणते होते? ‘टोल देणार नाही.’ हा निषेध नव्हे आणि हरकतही नव्हे. हा नकार आहे. जिथे समोरच्याला माझ्याकडून काही हवे असते, पैसा, श्रम, मत, हजेरी, तिथे नकार चालतो. शहराने पैसे दिले नाहीत तर टोलनाका चालत नाही. पण जिथे माझ्याकडून काहीच लागत नाही, माझ्या नावावरची जमीन माझ्या सहीवाचून दुसऱ्याच्या नावावर चढते, तिथे नकार द्यायला जागाच नसते. तिथे नोंदच लागते. आणि टोलच्या बाबतीतही रस्त्यांच्या कामाचे फेरमूल्यांकन झाले, मोजमापे झाली, न्यायालयात दावे चालले. ज्यांनी नाक्यावर दिवस काढले त्यांनीच कागदही तयार केले. ती दोन वेगळी माणसे नव्हती.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र बरोबर आहे. ‘तीव्र शब्दांत निषेध नोंदवतो’ असे व्यासपीठावरून म्हटले जाते आणि तो कुठेही नोंदला जात नाही: ना ठराव, ना निवेदन, ना पोच. वर्तमानपत्रे तेच वाक्य जसेच्या तसे छापतात. हा शब्दाचा दोष नाही. शब्दात सांगितलेले काम न करणाऱ्याचा दोष आहे. वार्ताहराने एवढे विचारले तरी पुरे: नोंदवला म्हणजे कुठे? सभेच्या इतिवृत्तात, की जिल्हाधिकारी कचेरीत? कोणत्या आदेशाविरुद्ध, त्याचा क्रमांक काय? उत्तर नसेल तर बातमीत ‘निषेध केला’ लिहावे, ‘नोंदवला’ लिहू नये. एवढा भेद बातमीदारांनी पाळला तरी वाचकाला कळेल की कोणाच्या बोलण्यामागे कागद आहे.

आणि चावडीत हरकत घ्यायला गेलेल्याला ‘लेखी आणा’ म्हणून परत पाठवले जाते तेव्हा भाषेचे आग्रही आणि चळवळीचे आग्रही दोघांनीही त्याला १५०वे कलम दाखवावे. तोंडी हरकतही नोंदवून घ्यावी लागते, आणि तिची पोच तिथल्या तिथे द्यावी लागते. तरीही नोंद झाली नाही तर तहसीलदार आहेत, प्रांत आहेत. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना ज्यासाठी मुंबई गाठावी लागे त्यातले बरेच काम आता इथे होते. तिथे पहिल्याच दिवशी न्यायमूर्ती विचारतील की आपण हरकत केव्हा घेतली आणि तिची नोंद कुठे आहे.